रोजंदारीवरचा बॉलर

बँकेतला माणूस साठीत म्हातारा होतो, बॉलर पस्तिशीतच होतो. त्या मानाने मी बरीच वर्षं म्हातारा आहे आणि मला त्याची सवय झाली आहे. एसीची हवा लागली की उजवा खांदा ठणकतो, म्हणून मी खोलीत एसीकडे पाठ करून झोपतो, आणि नवीन आलेल्या पोरांना वाटतं की या दिगूकाकांचं कोणाशी तरी बिनसलंय. त्यांना मी सांगतो की याच खांद्याने एके काळी कुवेतच्या निम्म्या मैदानांवर भल्याभल्यांच्या दांड्या उडवल्यात. पोरं “हो काका” म्हणतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. तेव्हा मनाशी ठरवलं की एकदा लिहूनच काढावं. लिहिताना निदान मध्ये कोणी बोलत नाही.

मी प्रोफेशनल क्रिकेटर होतो. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं की माझा खोलीतला जुना सोबती गजा हटकून खोकतो, पण त्यात खोटं काही नाही. आमचं क्रिकेट टेनिस बॉलचं. शुक्रवारची सुट्टी, रस्त्याकडेची मोकळी माती, बाजूला गाड्या आडव्या लावून केलेली बाउंड्री. कंपन्यांच्या टीम असायच्या आणि प्रत्येक टीमला एखादा बाहेरून उचललेला प्लेअर लागायचा, जो जिंकून देईल आणि हरल्यास ज्याला शिव्या घालता येतील. तो मी. माझ्या व्हिसावर धंदा स्कॅफोल्डर लिहिला होता आणि मी परांचीवर चढलोही, पण माझी खरी मागणी खालीच होती. एका लॉन्ड्रीकडून खेळलो, तिथे माझा शर्ट फुकट धुऊन इस्त्री करून मिळायचा. एका हॉटेलाकडून खेळलो, त्यांचा व्यवहार बिर्याणीत चालायचा. विकेट जास्त पडल्या तर वाटीत लेग पीस, नाही पडल्या तर नुसता भात. दुधाच्या एका कंपनीने मला पूर्ण हंगाम ताक पाजलं. नवा शुक्रवार, नवा शर्ट, पाठीवर कोणाचं तरी दुसऱ्याचंच नाव. माझ्या पेटीत इतके शर्ट साठले की गजा म्हणायचा, तुझी पेटी बघून पोलिसांना वाटेल की तू सगळीकडे चोऱ्या केल्यास.

मध्ये काही दिवस मी पुण्याच्या अकाउंटंट लोकांकडूनही खेळलो. चांगली माणसं. त्यांच्या बॅटी चेनच्या पिशव्यांत झोपलेल्या असायच्या आणि सामन्याआधी त्यांच्या कॅप्टनच्या हॉलमध्ये, बनेद अल-गारमधल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, लॅपटॉप उघडून मीटिंग व्हायची. पडद्यावर बाण आणि गोल यायचे, त्यातला एक गोल मी. वहिनी साबुदाण्याची खिचडी द्यायच्या, तीही अगदी मोजकी. त्यांच्या मुलीने एकदा माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “अंकल, आर यू अ रिअल प्लेअर?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “देन व्हाय आर युअर शूज लाइक दॅट?” त्या टीममधून मी लवकरच बाहेर पडलो. कारण शूज नव्हते. त्यांना सामना संपल्यावरही पाऊण तास सामन्यावर बोलायचं असायचं आणि मला भूक लागायची.

भूक भागायची ती अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटवर. एकाच वाडीतली आणि आसपासची आम्ही माणसं तिथे राहत होतो, भिंतीला भिंत लावून दुमजली खाटा. पहाटे साडेचारला कंपनीची बस खाली हॉर्न द्यायची, त्याच्या आगेमागे अजान, मग सगळ्या मजल्यांवरचे कुकर एकामागून एक शिट्ट्या करायचे. आमच्या एसीला खडखडण्याची इतकी सवय होती की तो बंद पडला तर आम्ही दचकून जागे व्हायचो. घराचा कारभार तात्यांकडे होता. तात्या सुतार, शटरिंगच्या कामावर, आमच्यात वयाने सर्वांत मोठे. आठवडाभर ज्याची पाळी येईल तो रांधायचा, पण शुक्रवारची मासळी तात्यांशिवाय कोणी हाताळायची नाही. मिळेल तो मासा, मलबारी दुकानातला नारळ, घरून आलेलं तिरफळ. वाटण पाट्यावर नसून मिक्सरमध्ये व्हायचं याचं दुःख तात्या दर शुक्रवारी एकदा बोलून दाखवायचे. इतर दिवशी कुळथाची पिठी आणि तिच्यात बुडवून खुबूस. खुबूस म्हणजे इथली जाड भाकरी, आणि कुळथाची पिठी शोषून घ्यायला तिच्यासारखी दुसरी वस्तू जगात नाही, हे माझं आजही मत आहे. सुकट भाजली की इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा एक भला माणूस, नाक धरून वर यायचा. तात्या त्याच्या हातावर तळलेला बांगडा ठेवायचे. त्याची तक्रार करायची राहिली ती राहिली आणि पुढे पुढे सुकटीच्या वासावर तो वेळेवर हजर व्हायला लागला.

फ्लॅटचीही टीम होती, वाडी इलेव्हन. मी मोकळा असलो की त्यांच्याकडून खेळायचो, पण मोकळा क्वचित असायचो, आणि बहुतेक वेळा त्यांच्या विरुद्ध खेळून त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवायला बसायचो. त्यावरून टोमणे बसायचे, पण मासळीची तुकडी कमी कधी झाली नाही. वाडी इलेव्हनचा मोठा फलंदाज गजा. तो प्लंबर, मनगटं अशी की पाना न लावता नळ आवळायचा. त्याने ओळखीच्या प्रत्येक बॉलरला सिक्स मारला होता, फक्त मला नाही. याची मी दिवसातून एकदा तरी त्याला आठवण करून द्यायचो. भांडी घासताना, चहा पिताना, तो दात घासत असताना सुद्धा. “एक दिवस मारतलंय,” एवढंच तो म्हणायचा.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने उभं राहून देवाला सगळं म्हणणं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्या घराण्याचा त्याचाच. आमच्या वाडीत तो आमच्या घराचा. त्यामुळे मला उचलणाऱ्या टीमला एकाच भाड्यात बॉलर आणि गाऱ्हाणं दोन्ही मिळायचं. मातीत नारळ फोडायचा, मी देवाला सांगायचं, आणि मी थांबलो की बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, एवढं मी प्रत्येक टीमला शिकवलं होतं. पुढे माझ्या टीममध्ये आलेल्या बांगलादेशच्या शफीकला मी आधी विचारलंही होतं, तुला चालेल ना. तो म्हणाला, “दुआ ही है ना भाई, आमीन बोलने में क्या जाता है.” तात्यांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. “दिगू,” ते म्हणायचे, “देव एकच आसा. गेल्या शुक्रवारी तू तेका सांगलंस लॉन्ड्रीक जिंकव, ह्या शुक्रवारी सांगतंस लॉन्ड्रीक हरव. तो काय तुझो क्लार्क आसा?” मी म्हणायचो, तात्या, मी प्रोफेशनल आहे. तात्या म्हणायचे, “तू आसशीत. देव नाय.”

अशातच मला अम्गऱ्यातल्या एका कंपनीने रीतसर उचललं, जुन्या मालकाकडून रिलीज घेऊन, अकामा म्हणजे राहण्याचा परवाना बदलून. लोखंड, प्लायवूड आणि पाइपांचं मोठं आवार होतं आणि मॅनेजर होते वर्गीससाहेब. वर्गीससाहेबांना क्रिकेटमधलं फारसं कळत नसे. पण त्यांच्या मेहुण्याच्या ऑफिसात काचेच्या कपाटात कप होते आणि त्यांच्या स्वतःच्या कपाटात फाइली, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मला स्टोअरमध्ये सावलीचं काम दिलं आणि उन्हाळी कप जिंकून आण म्हणून सांगितलं. उन्हाळी कप म्हणजे ऐन ऑगस्टात, पहाटेची अजान झाली की सुरू करून ऊन तापायच्या आत संपवायचे सामने. त्या दिवसांत शहाणी माणसं दारही उघडत नाहीत.

त्याच सुमाराला आईचा फोन आला. मी तीन गणपती घरी नव्हतो. बाबांचा आवाज बसला होता, डॉक्टरने बोलायला बंदी केली होती, त्यामुळे घरच्या गणपतीसमोर आमचे शेजारचे चुलते नानाकाका गाऱ्हाणं घालत होते. पहिल्या वर्षी त्यांनी ते नीट घातलं. दुसऱ्या वर्षी त्यात स्वतःच्या गुडघ्याचं घुसवलं. तिसऱ्या वर्षी काय झालं ते आईच्याच शब्दांत सांगतो. “झिला, नानान बांधावरचो माड आपलो म्हणान देवाक सांगल्यान. आणि सगळी मेली व्हय म्हाराजा म्हणाली. तुझे बाबा हात हलवीत रवले, कोणाक समाजलाच नाय. यंदा तू इलंस नाय, तर तो माड गेलो म्हणान समज.” तो माड आमचा. आजोबांनी लावलेला, नारळ असे की पाणी प्यायलं की जेवण नको. कोर्टात कागद दाखवता आला असता, पण आमच्याकडे देवासमोर दहा जणांनी व्हय म्हटलेली गोष्ट कागदापेक्षा वरची असते. माझी रजा करारात पुढच्या वर्षी होती. मी वर्गीससाहेबांकडे गेलो. त्यांनी माडाची सगळी हकिगत शांतपणे ऐकली. केरळचा माणूस, माडाचं दुःख त्यांना पटकन कळलं. मग म्हणाले, “दिगंबर, कप लाओ, छुट्टी ले जाओ. कप नहीं, तो नारियल अगले साल.”

मी त्या उन्हाळ्यात जी बॉलिंग केली तशी आधी नाही आणि नंतर नाही. लॉन्ड्रीला झोपवलं, हॉटेलला झोपवलं, अकाउंटंटांचे गोल आणि बाण सगळे साफ केले. गणपती पंधरवड्यावर आले तेव्हा आम्ही फायनलला होतो. समोर कोण, तर वाडी इलेव्हन. त्यांनी आजवर एकही कप जिंकला नव्हता. तात्यांनी त्यासाठी फ्रीजवर जागाही करून ठेवली होती. तिथलं लोणचं त्यांनी खाली उतरवलं तेव्हाच मला कळलं की हे लोक गंभीर आहेत.

फायनलच्या पहाटे आम्ही सगळे एकाच पिकअपमध्ये बसून मैदानावर गेलो, दहाबारा जण पिवळ्या शर्टात आणि मी एकटा निळ्या. उतरताना तात्यांनी मला फक्त विचारलं, “पेज खाल्लंस मा?” मी हो म्हटलं. त्यांनीच पहाटे उठून रांधलेली होती.

मैदानावर हवा भट्टीच्या तोंडासारखी होती आणि अजून सूर्य वरही आला नव्हता. आमची कंपनीची टीम गोल करून उभी राहिली: शफीक, नेपाळचा थापा, मलबारी पोरं, आणि माणूस कमी पडला म्हणून ट्रकवरून उतरवलेला इजिप्तचा ड्रायव्हर महमूद, ज्याने क्रिकेट आयुष्यात पाहिलं नव्हतं. वर्गीससाहेब स्वतः नारळ घेऊन आले होते. मी नारळ फोडला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

“बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आज ही तुझी लेकरां देश सोडून, दर्या ओलांडून, ह्या वाळयेत तुझ्यासमोर हात जोडून उभी आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“जसो आजपर्यंत सांभाळ केलंस, तसोच ह्येच्या फुडे कर.”

“व्हय म्हाराजा.”

आवाज जरा जास्तच भरदार येतोय असं मला वाटलं, पण मी म्हटलं, फायनल आहे, पोरं पेटली आहेत. मला चेव आला. मी पुढे म्हणालो, “आजचो कप आमच्या कंपनीच्या पदरात घाल. समोरच्या पार्टीची बॅट उठली तर बॉल हुकांदे, आणि लागलोच तर सरळ आमच्या हातात येवंदे.” आणि असा काही “व्हय म्हाराजा” उठला की पलीकडे उभ्या ट्रकवरची कबुतरं उडाली. मी डोळे उघडले. पिचच्या दुसऱ्या टोकाला वाडी इलेव्हन ओळीने उभी होती, टोप्या काढून, हात जोडून, डोळे मिटून. सगळ्यांच्या पुढे तात्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

जन्मल्यापासून कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंडातून व्हय म्हाराजा निघतं. त्यात अर्थ ऐकायची पद्धत नाही. आमच्या माणसांनी स्वतःच्या पराभवाला, जोडल्या हातांनी, एकमुखाने संमती दिली होती. तात्यांनी डोळे उघडले, मग त्यांना हळूहळू उमगलं. “ह्या काय झाला रे?” ते म्हणाले. त्यांचा कॅप्टन बाळा पळत आला. “तात्या, परत घालूया. उलटा घालूया. दिगूच घालीत.” मी म्हटलं, मी प्रोफेशनल आहे, मला जमणार नाही. पण तात्यांनीच हात वर केला. “देवासमोर व्हय म्हटला ता म्हटला. जबानी कोर्टात फिरवतत. आमी काय नाना नाय.” हैदराबादी अंपायर वैतागला होता. “मियाँ, खेलना है कि नक्को? धूप चढ री.” तेवढ्यात मागून गजा पुढे आला. त्याचे गाल फुगलेले होते. त्याने मान वळवून मातीत चूळ टाकली आणि म्हणाला, “माझ्या तोंडात पाणी होता. मी काय म्हणूक नाय.” तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू वाडीत एकच घर पुरातून वाचलंय. “तू मोकळो,” ते म्हणाले.

आम्ही पहिली बॅटिंग केली. माझं शून्य झालं. बॅटिंग हे माझं खातं नव्हे. शफीकने चार फटके मारले म्हणून आमची बरी धावसंख्या झाली. मग ते खेळायला आले, आणि असा सामना मी पुन्हा पाहिला नाही. बाळाने मारलेला बॉल महमूदच्या छातीवर आदळला, महमूदने घाबरून त्याला मिठी मारली, आणि बाळा अंपायरकडे न बघताच चालू लागला. दुसऱ्याने उंच उडवला, थापाच्या हातात. तिसऱ्याने खाली ठेवला, तोही कसा कोण जाणे माझ्या हातात. प्रत्येक जण परत जाताना तात्यांसमोरून जायचा आणि तात्या म्हणायचे, “व्हय म्हटलास ना? मगे.” आमचे मलबारी गडी खूश होऊन मला विचारत होते की हा मंत्र शिकायला किती दिवस लागतात. वर्गीससाहेब गाडीत एसी लावून बसले होते ते बाहेर येऊन उन्हात उभे राहिले.

फक्त गजा उभा होता. तो मोकळा होता आणि मोकळ्या माणसासारखा खेळत होता. शफीकला त्याने गाड्यांच्या पलीकडे टाकलं, थापाला दोनदा. माझ्या बॉलवर तो एकेक धाव घेत राहिला आणि बाकीच्यांवर तुटून पडला. असं करत करत शेवटचा बॉल उरला, सहा धावा हव्या, समोर गजा, आणि बॉल माझ्या हातात. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. मी रनअपच्या टोकाला उभा राहिलो आणि मला एकदम तो माड दिसला, आणि त्याला टेकून उभे नानाकाका. मग मला बाबा दिसले, हात हलवणारे. मी रुमालाने बॉल पुसला. गजा बॅट टेकून म्हणाला, “दिगू, लक्षात आसा मा? तोंडात पाणी होता.” मी म्हटलं, “आसा.”

मी धावलो. बॉल त्याच्या पायाच्या बोटांत टाकायचा होता आणि तो तिथेच पडला. गजाची बॅट वर गेली ती वरच राहिली. आमचे स्टंप अम्गऱ्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेल्या सळ्यांचे होते. त्यांचा खणकन आवाज झाला. मला या आवाजाचा आयुष्यभर अभिमान वाटत आलेला आहे. देवाचा त्या विकेटशी काही संबंध नव्हता. ती माझी एकट्याची. वर्गीससाहेबांनी महमूदला मिठी मारली, कप उचलला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून माझ्या रजेवर सही केली आणि कप मांडीवर घेऊन निघूनही गेले. उचललेल्या प्लेअरच्या वाट्याला कप येत नसतो. मी पिकअपमध्ये चढलो, दहाबारा पिवळ्या शर्टांमध्ये.

परतताना मला वाटत होतं की आज जेवण नाही. निदान तुकडी तरी नाही. फ्लॅटचं दार उघडलं, तर आत भिंतीला लागून गावी न्यायची पार्सलं रचलेली. खोके, पोती, ब्लँकेटचे गठ्ठे. चिकटपट्टी गुंडाळलेली, मार्करने आईची, बायकोची, भावाची नावं घातलेली. दुधाची पावडर, अत्तर, बाम, खजूर, कोणाच्या पोरीचं दप्तर. मी बघतच राहिलो. आम्ही सगळे पहाटे अंधारातच एकत्र निघालो होतो, म्हणजे हे सगळं काल मी झोपल्यावर बांधलेलं. माझं डोकं तापलं. आयुष्यातली सर्वांत चांगली बॉलिंग मी त्या दिवशी केली होती. “तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही हरायचं ठरवून आला होता?”

तात्या मासे धूत होते. “ठरवून कोण हरता रे? जिंकाकच गेल्लो,” ते म्हणाले. “पण तू जिंकलंस तर मगे बांधूक येळ खय गावतलो? म्हणान बांधून ठेवला.”

“आणि तुम्ही जिंकला असता तर?”

“तर उघडला असता. पावडर काय नासता?”

मी पार्सलांवरची नावं वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की एक नाव नाही. गजाच्या आईचं. गजा तेव्हा अंघोळ करून बाहेर आला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. खाटेखालून पेटी ओढली, तिच्यातून एक ब्लँकेट, अत्तराची एक कुपी आणि एक छोटी टॉर्च काढली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, दातांनी चिकटपट्टी तोडली आणि पार्सल माझ्यासमोर ठेवलं. बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला होता. तो एकटा नुसता जिंकायला आला होता. “आवशीक दी,” तो म्हणाला, “आणि टॉर्च कशी लावची ता दाखव तिका.” जेवताना तात्यांनी मला शेपटीची तुकडी वाढली आणि गजाला मधली. ते बरोबरच केलं.

विमानतळावर वजन इतकं झालं की मी बॅगेतले माझे कपडे काढून, सोडायला आलेल्या महमूदच्या हातात दिले आणि अंगावरच्या निळ्या शर्टात घरी पोचलो. गणपतीच्या दिवशी नानाकाका नवं धोतर नेसून तयारीत होते. मी पुढे झालो आणि गाऱ्हाण्यात बांधावरच्या माडाची आजोबांपासूनची सगळी कुळकथा घातली. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. नानाकाकाही म्हणाले, म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बाबा बिनआवाजाचे इतके हसले की आईने त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पार्सलं वाटत फिरलो. गजाच्या घरी शेवटी गेलो. मुद्दाम नाही, पण शेवटीच गेलो. त्याची आई ओटीवर करवंट्या फोडत होती. तिने पार्सल उघडलं, ब्लँकेट मांडीवर घेतलं, मी तिला टॉर्च लावून दाखवली. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या होत्या. मग ती म्हणाली, “तुमच्या तकडे म्हणे खेळ झालो. माझो झील बरो खेळता मा रे? फोनार काय सांगना नाय.”

मी तिच्याकडे पाहिलं. मी प्रोफेशनल होतो. लॉन्ड्रीने धुतलेल्या, दुधाच्या, बिर्याणीच्या, सगळ्या शर्टांतून मी एक गोष्ट जपली होती, आणि ती एकच माझ्या मालकीची होती.

“बरो खेळता?” मी म्हटलं. “काकी, माका सिक्स मारल्यान. बॉल परत गावलोच नाय.”

सगळ्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. काकीने ब्लँकेट जरा घट्ट धरलं आणि मला आत चहाला बोलावलं.

ही गोष्ट वाडीभर झाली. पुढच्या वर्षी गजा रजेवर गेला तर प्रत्येक जण त्याला त्या सिक्सबद्दल विचारत होता. तो परत आला तेव्हा पहिले दोन दिवस मला बघून नुसता खोकत होता. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होतो, तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि ताटं पुसायला लागला. त्याआधी त्याने ती कधी पुसली नव्हती.

आता तात्या गावी असतात. खोलीत आम्ही दोघं जुने उरलो आहोत, बाकी सगळी नवी पोरं. जेवणं झाली की पोरं गजाला म्हणतात, काका, तो सिक्स सांगा ना. गजा आधी नाही नाही म्हणतो, मग सांगतो. दर वर्षी बॉल थोडा पुढे जाऊन पडतो. हल्ली तो पाण्याच्या टँकरपर्यंत पोचला आहे. पोरं माझ्याकडे वळून विचारतात, खरं काय हो दिगूकाका? मी एसीकडे पाठ करून पडलेला असतो.

“टँकरवर पडलो मा रे गजा?” मी विचारतो.

“टँकराच्या पल्याड,” गजा म्हणतो.